घोडा, श्रेणी आणि पदक : ऐरोलीच्या एका आईच्या प्रश्नांना उत्तर

ऐरोलीहून एका आईने विचारलेले प्रश्न थोडक्यात असे आहेत. त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणे, आहे. दोन्ही पाय ताठर, हात बऱ्यापैकी चांगले, घरात वॉकर आणि बाहेर व्हीलचेअर. ती सातवीत शिकते आणि अभ्यासात कुठेही मागे नाही. दोन वर्षांपूर्वी माथेरानला दस्तुरीपासून घोड्यावर बसवून नेले, तेव्हा घरच्या खुर्चीत एका बाजूला कलणारी ही मुलगी अर्धा तास सरळ बसून राहिली, आणि तेव्हापासून दर रविवारी तिला घोडेस्वारीच्या एका केंद्रावर नेतात. तिथले प्रशिक्षक म्हणतात, ही पॅरालिम्पिकला जाईल. शाळेतले खेळाचे शिक्षक म्हणतात, त्यापेक्षा स्पेशल ऑलिम्पिक सोपे पडेल. प्रमाणपत्रावर ६५ टक्के दिव्यांगत्व लिहिले आहे, तर तिला खेळात कोणती ग्रेड, म्हणजे श्रेणी, मिळेल, दुसरा एखादा खेळ बघावा का, आणि केंद्रावाले मुलीसाठी स्वतंत्र खोगीर विकत घ्यायला सांगतात ते घ्यावे का, असे त्यांनी विचारले आहे. मी ठाण्यात सव्वीस वर्षे फिजिओथेरपी करते आणि त्यांतली सोळा वर्षे अशा मुलांना घोड्यावर बसवण्याच्या कामातही आहे, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

ताई, निष्कर्ष आधी सांगते, म्हणजे पुढचे वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. रविवारचा घोडा बंद करू नका. त्यातून तिच्या पाठीला आणि मनाला जे मिळते ते माझ्या दवाखान्यातल्या गादीवर मिळत नाही. मात्र स्पर्धेचे ओझे आज त्या घोड्याच्या पाठीवर लादू नका. तिला स्पर्धेत उतरायचेच असेल, तर आपल्या घरापासून जमण्याजोगा रस्ता पाण्यातून किंवा गोळाफेकीच्या वर्तुळातून जातो.

आधी शाळेतल्या सरांचे. पॅरालिम्पिक, स्पेशल ऑलिम्पिक आणि डेफलिम्पिक ही तीन वेगळी दालने आहेत, एकाच जिन्याच्या पायऱ्या नव्हेत. स्पेशल ऑलिम्पिक १९६८ मध्ये शिकागोत सुरू झाले ते बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी. तिथे खेळाडूंना कौशल्याच्या पातळीनुसार गटांत बसवतात, आणि घोडेस्वारी तिथेही आहे. डेफलिम्पिक कर्णबधिरांचे असून त्याची सुरुवात १९२४ मध्ये पॅरिसला झाली. पॅरालिम्पिकमध्ये मुख्यतः शारीरिक आणि दृष्टीची अक्षमता असलेले खेळाडू येतात. बौद्धिक अक्षमतेचे गट तिथे ॲथलेटिक्स, पोहणे आणि टेबल टेनिस एवढ्याच खेळांत आहेत, आणि तेही मध्यंतरी बंद होते, कारण २००० मध्ये सिडनीत स्पेनच्या बास्केटबॉल संघातल्या बहुतेक खेळाडूंना अशी अक्षमता नव्हतीच, असे नंतर उघडकीस आले. हे गट परत आले ते २०१२ च्या लंडनला. आपल्या मुलीची बुद्धी उत्तम आहे, तेव्हा स्पेशल ऑलिम्पिकमध्ये तिला प्रवेशच नाही, मग ते सोपे की अवघड हा प्रश्न उरत नाही. ज्या मुलांना दोन्ही प्रकारची अडचण आहे त्यांच्या पालकांनी मात्र खारघरच्या राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन संस्थेच्या केंद्रात रीतसर चाचणी करून घ्यावी, कारण त्या कागदाखेरीज ते दार उघडत नाही.

आता ६५ टक्के. हा आकडा सरकारी सवलतींसाठी आहे. २०१६ च्या कायद्यानुसार ४० टक्क्यांपासून पुढे बहुतेक लाभ लागू होतात, आणि रेल्वेच्या सवलतीपासून शाळेतल्या जादा वेळेपर्यंत त्याचा उपयोग होतो. परंतु खेळातली श्रेणी ठरवणारे लोक त्या आकड्याकडे पाहतसुद्धा नाहीत. एकच ६५ टक्के असलेली दोन मुले खेळाच्या मैदानावर दोन अगदी वेगळ्या श्रेणींत जाऊ शकतात, आणि एकाच श्रेणीत ५० आणि ८० टक्केवाली मुले शेजारी शेजारी असू शकतात. श्रेणी ही शरीराची मोजणी असली, तरी त्या खेळाला शरीराचे जे लागते त्याचीच ती मोजणी असते.

श्रेणीच्या क्रमांकाबाबत मी स्वतः एकदा चांगलाच घोळ घातला आहे, तो सांगून टाकते. आमच्या दवाखान्यात सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या हालचालीचे पाच स्तर लावतात आणि त्यात पहिला स्तर सर्वांत सौम्य, पाचवा सर्वांत तीव्र. पॅरा घोडेस्वारीतही पाचच ग्रेड आहेत, पण त्या उलट्या: ग्रेड एक म्हणजे सर्वांत तीव्र अक्षमता आणि ग्रेड पाच सर्वांत सौम्य. कळव्याचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले असताना, दुसरा रुग्ण टेबलावर आणि फोन कानाला, अशा गडबडीत मी ‘ग्रेड एक म्हणजे अगदी हलकी’ असे बोलून गेले. त्यांनी घरी जाऊन पेढे वाटले. मुलाचा आजार उतरणीला लागला असे त्यांच्या साऱ्या नातेवाईकांना वाटले, आणि ती समजूत काढताना मला जे पडले ते मी विसरलेले नाही. पोहण्यातही हाच उलटा हिशेब आहे. एस-१ सर्वांत तीव्र, एस-१० सर्वांत सौम्य. तेव्हा ‘पहिली’ ऐकून हरखू नका आणि ‘पाचवी’ ऐकून खचूही नका.

श्रेणी ठरवतात कशी, हेही सांगते, कारण पत्रावरून आपल्या मुलीची ग्रेड सांगण्याचे मी मुद्दामच टाळते आहे. घोडेस्वारीत हे काम प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट किंवा डॉक्टर करतात. मुलाला आधी टेबलावर झोपवून आणि बसवून हातापायांची आणि धडाची ताकद, सांध्यांची हालचाल, हालचालींतला मेळ हे अवयवागणिक गुण देऊन तपासतात, त्यावरून एक आराखडा निघतो, आणि तो आराखडा ग्रेडशी जोडलेला असतो. मग घोड्यावर बसलेले पाहून खातरजमा करतात. दृष्टी नसलेले स्वार ग्रेड चारमध्ये आणि अंशतः दृष्टी असलेले ग्रेड पाचमध्ये जातात. वाढत्या वयाच्या मुलांची श्रेणी सहसा ‘पुनर्तपासणी’ या शेऱ्यासह मिळते, म्हणजे ती पुढे बदलू शकते; ताठरपणा उंचीबरोबर वाढतो, शस्त्रक्रियेने कमी होतो, आणि तेराव्या वर्षीचे शरीर अठराव्या वर्षी तेच राहत नाही.

प्रशिक्षकांनी पॅरालिम्पिकचे नाव घेतले आहे, तर तिथे घोड्यावर नेमके काय करतात ते एकदा नीट पाहू. अडथळ्यांवरून उड्या तिथे नाहीत. पॅरालिम्पिकमध्ये घोडेस्वारीचा एकच प्रकार आहे, ड्रेसाज, आणि १९९६ च्या अटलांटापासून तो सलग चालू आहे. आखलेल्या रिंगणात ठरवून दिलेला क्रम घोड्याकडून करून घ्यायचा, आणि प्रत्येक हालचालीला पंच शून्य ते दहा गुण देतात. बेरीज टक्क्यांत सांगतात. ग्रेड एकचे स्वार फक्त चालतात. ग्रेड दोनमध्ये चालीबरोबर थोडी ट्रॉट म्हणजे दुडकी येते, तीनमध्ये चाल आणि दुडकी दोन्ही पूर्ण, चारमध्ये कँटर म्हणजे तीन तालांची धाव, आणि पाचमध्ये घोड्याला तिरके चालवण्याचे अवघड प्रकार. पहिल्या तीन ग्रेडचे रिंगण २० बाय ४० मीटर, पुढच्या दोघांचे २० बाय ६०. पुरुष आणि स्त्रिया एकत्रच स्पर्धा करतात, वयाचा गट नाही. २०२४ च्या पॅरिसला ही स्पर्धा व्हर्सायच्या राजवाड्याच्या आवारात झाली आणि तिच्यात ११ सुवर्णपदके होती: पाच ग्रेडची वैयक्तिक, पाच ग्रेडची संगीतावरची, आणि एक सांघिक.

ग्रेड एकची फेरी पहिल्यांदा पाहणारे लोक हमखास म्हणतात, ‘हे काय, घोडा नुसता चालतोय!’ पण जाणकाराला विचारा, चाल हीच सर्वांत नाजूक गोष्ट आहे. घोड्याची चाल चार तालांची असते, चार टापा चार वेगळ्या वेळी पडतात. स्वाराने जरा घाई केली, लगाम जरा आवळला, की त्याच बाजूचे पुढचे आणि मागचे पाऊल जोडीने पडू लागते, चारांचे दोन ताल होतात, आणि एकदा बिघडलेली चाल त्या पाचएक मिनिटांत सावरणे फार कठीण. दुडकीत थोडी गडबड लपते, चालीत काही लपत नाही. पॅरिसला ग्रेड एकमध्ये लाटव्हियाच्या रिहार्ड्स स्निकुसने सुवर्ण जिंकले, ती फेरी मुलीला आवाज बंद करून दाखवा आणि घोड्याच्या फक्त टापा मोजायला सांगा.

या खेळातल्या सोयी मला फार आवडतात, कारण त्यांत दया नाही, हिशेब आहे. ज्याला एका हाताने टोपी काढून पंचांना अभिवादन करता येत नाही तो नुसती मान लववतो. ज्याचे पाय घोड्याच्या कुशीला दाब देऊ शकत नाहीत त्याला दोन चाबूक बाळगता येतात, म्हणजे पायाचे काम चाबकाच्या हलक्या स्पर्शाने करायचे. बोटे मिटत नसतील तर लगामाला फासे असतात. दृष्टिहीन स्वारासाठी रिंगणाच्या कडेच्या अक्षरांपाशी माणसे उभी राहून आपले अक्षर पुकारतात आणि स्वार त्या आवाजाच्या रोखाने जातो. हे सारे स्वाराच्या ओळखपत्रावर आधी नोंदवलेले असावे लागते. आयत्या वेळी खिशातून पट्टा काढून बांधता येत नाही.

पट्ट्याची गोष्ट निघालीच आहे तर थोडी थांबते, कारण आपल्या केंद्राकडे जाऊन पहिल्याच रविवारी हे तपासा असे मला सांगायचे आहे. नियम असा आहे की स्वार पडला तर तो घोड्यापासून मोकळा पडला पाहिजे. रिकिबीत पाय टिकावा म्हणून रबराचा छल्ला चालतो, कारण झटका बसला की तो तुटतो. काही वर्षांपूर्वी आमच्या एका ओळखीच्या जागी, नाव घेत नाही, नऊ वर्षांच्या मुलाचा पाय घसरतो म्हणून तो बॅगेच्या नायलॉन पट्ट्याने रिकिबीला करकचून बांधला होता. शेजारच्या मंगल कार्यालयात वरात आली आणि फटाक्यांची माळ लागली. घोडा बिथरला, मुलगा उजवीकडे घसरला आणि डावा पाय वर अडकलेला राहिला. म्हातारा मोतद्दार लगाम न सोडता घोड्याच्या मानेला लोंबकळला म्हणून मुलगा वाचला. घोट्याची सूज महिनाभर उतरली नाही. त्या पट्ट्याचा हेतू चांगलाच होता, हे मी मुद्दाम लिहिते, कारण असले पट्टे बांधणारे लोक निष्काळजी नसतात, घाबरलेले असतात. रिकिबीत तिची चप्पल नव्हे, टाचेचा बूट असावा. डोक्यावर हनुवटीखाली पट्टा असलेले घोडेस्वारीचेच हेल्मेट असावे. आणि एक जण लगामाशी, दोघे दोन बाजूंना, अशी तीन माणसे असल्याशिवाय तिला वर चढवू देऊ नका.

घोड्यावर ती सरळ का बसली, याचे उत्तर आपण माथेरानची हवा असे लिहिले आहे. हवाही असेल, पण मुख्य काम घोड्याच्या चालीचे आहे. चालताना घोड्याची पाठ वर-खाली, पुढे-मागे आणि डावी-उजवी अशी तिन्ही दिशांनी हलते, आणि बसणाऱ्याच्या कमरेला ती नेमकी तशीच हालचाल देते जी माणूस स्वतः चालताना कमरेत होते. जी मुलगी स्वतःच्या पायांनी अशी कधीच चाललेली नाही, तिच्या धडाला मिनिटाला शंभरएक वेळा ती चाल आयती मिळते आणि प्रत्येक वेळी तोल सावरावा लागतो. शिवाय घोड्याचे अंग आपल्यापेक्षा थोडे उबदार, त्यामुळे कात्रीसारख्या आवळलेल्या मांड्या सैल होतात. मी हे शेकडो वेळा पाहिले तरी कंटाळत नाही: मूल बसते तेव्हा टाचा वर आणि बोटे खाली रोखलेली असतात, पहिल्या दोन फेऱ्या काही होत नाही, आणि मग दहाव्या-बाराव्या मिनिटाला कोणी न सांगता डावी टाच बोटभर खाली येते, मागोमाग उजवी. आपल्या भाषेत घोडेस्वाराची ‘मांड’ पक्की म्हणतात ती याच जागी तयार होते. हा परिणाम किती टिकतो याबाबत मात्र मी हात आखडता घेऊन बोलते. धडाच्या तोलावर आणि स्नायूंच्या सैलपणावर फायदा दिसतो. चालण्यात कायमचा फरक पडेल असे वचन कोणी देत असेल, तर त्याच्याकडून पुढचे पॅकेज घेऊ नका.

आणि एक तपासणी राहून गेली असेल तर घोड्याआधी ती. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचा खुबा सांध्यातून हळूहळू सरकतो, आणि ते बाहेरून कळत नाही. पाय फाकवून बसायच्या आधी कमरेचा एक्स-रे काढून हाडांच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवा. वर्षापेक्षा जुना एक्स-रे मी चालवून घेत नाही. फेफरे येत असतील तर ते औषधाने ताब्यात आहेत का, पाठीचा बाक किती आहे, ताठर स्नायू सैल करण्यासाठी देतात ते बोट्युलिनमचे इंजेक्शन नुकतेच झाले आहे का, हेही विचारा. आणि तबेला आहे, तर धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असू द्या. डाऊन सिंड्रोमच्या मुलांना मानेच्या वरच्या मणक्यांची तपासणी केल्याशिवाय मी कधीच बसू देत नाही.

उपचारातून खेळाकडे जाणारी वाट खरी आहे, हे मी नाकारत नाही. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ मध्ये, पोटात मूल असताना, पोलिओ झाला. गुडघ्याखालची ताकद परत आली नाही. घोड्यावर चढायला आणि उतरायला माणूस लागायचे, तरी त्यांनी ज्युबिली नावाच्या आपल्या घोडीला पाठीच्या आणि मांड्यांच्या इशाऱ्यांवर तयार केले. १९५२ चे हेलसिंकी ऑलिम्पिक हे ड्रेसाजमध्ये स्त्रियांना प्रवेश मिळालेले पहिले. त्याआधी तो लष्करी अधिकाऱ्यांचा मक्ता होता. लिस तिथे रौप्यपदक जिंकल्या, आणि १९५६ मध्ये पुन्हा. लक्षात घ्या, हे दिव्यांगांचे नव्हे, सर्वांचे ऑलिम्पिक. जगभर अपंगांसाठी घोडेस्वारीची जी केंद्रे निघाली त्यांना बळ मिळाले ते या बाईंच्या उदाहरणाने. पॅरालिम्पिकमध्ये ब्रिटनच्या ली पिअरसन यांनी सिडनीपासून टोकियोपर्यंत १४ सुवर्णपदके मिळवली. आपल्या मुलीला जास्त जवळची वाटेल ती सिंगापूरची लॉरेन्शिया टॅन. तिला सेरेब्रल पाल्सी आहे आणि ती कर्णबधिरही आहे. उपचार म्हणून ती लहानपणी घोड्यावर बसली, आणि २००८ मध्ये तिने दोन कांस्यपदके मिळवली. सिंगापूरची ती पहिली पॅरालिम्पिक पदके. बीजिंगच्या त्या स्पर्धेतली घोडेस्वारी हाँगकाँगला झाली होती. संगीतावरच्या फेरीत ऐकू न येणारी स्वार घोड्याचा ताल अंगाने मोजते, हे पाहण्यासारखे आहे.

मग मी हात का आखडते? कारण लॉरेन्शिया लहानपणापासून इंग्लंडमध्ये राहिली आणि तिथेच घडली. आपल्याकडून पॅरिसला ८४ खेळाडू १२ खेळांत उतरले आणि २९ पदके घेऊन आले. त्या बारा खेळांत घोडेस्वारी नव्हती. २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत आपण १११ पदके मिळवली, पण तिथे घोडेस्वारी हा खेळच नव्हता, म्हणजे पॅरालिम्पिकच्या अलीकडची आशियाई पायरीही आपल्या मुलीला मिळत नाही. पात्रतेसाठी परदेशांतल्या मान्यताप्राप्त स्पर्धांत ठरावीक टक्के गुण लागतात, आणि त्या बहुतेक युरोपात होतात. घोड्यांच्या साथीच्या नियमांमुळे भारतातला घोडा तिकडे नेणे आजवर इतके जिकिरीचे राहिले आहे की त्याच वर्षी हांगझोऊच्याच आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण जिंकणारे आपले धडधाकट स्वारही, त्यांत मुंबईचा हृदय छेडाही, युरोपात राहून तिथल्याच घोड्यांवर तयार झाले. ते घोडेस्वारीतले ४१ वर्षांनी मिळालेले सुवर्ण होते. त्यांना जे घर सोडून करावे लागले, ते ऐरोलीतल्या व्हीलचेअरवरच्या मुलीला तिच्या आईसकट करावे लागेल. आपली ऐपत मला ठाऊक नाही, आणि असेल तर मी अडवणारी कोण. पण प्रशिक्षकांनी ‘पॅरालिम्पिकला जाईल’ म्हणताना हा हिशेब आपल्यापुढे मांडला होता का, एवढे विचारा.

तेव्हा दुसरे खेळ. सेरेब्रल पाल्सी म्हटले की हल्ली सगळे बोचियाचे नाव सांगतात. (नावावरून आपली मुले पहिल्या दिवशी हसून लोळतात, ते गृहीत धरावे.) पांढऱ्या चेंडूच्या जवळात जवळ आपले लाल किंवा निळे चेंडू नेऊन ठेवायचे, सहा सहा चेंडू, आणि ज्याला हाताने फेकता येत नाही तो उताराच्या पन्हाळीवरून चेंडू सोडतो, त्याचा मदतनीस पन्हाळ हलवतो पण त्याची पाठ मैदानाकडे असते, वळून पाहिले तर दंड. बुद्धिबळाइतका डोक्याचा खेळ आहे. पण तो चारही हातापायांची तीव्र अक्षमता असलेल्यांसाठी आहे. आपल्या मुलीचे हात चांगले आहेत, त्यामुळे तिथे ती बहुधा पात्रच ठरणार नाही. ही चांगली बातमी आहे, जरी ती तशी ऐकू येत नसली तरी.

तिच्यासाठी मी दोन गोष्टी पाहीन. पहिली, बसून करायची फेक. पाय ताठर पण हात चांगले अशा खेळाडूंची एफ-३४ नावाची श्रेणी आहे. नांदेड जिल्ह्यातल्या भाग्यश्री जाधव याच श्रेणीत गोळाफेक करतात, आणि पॅरिसच्या उद्घाटनात सुमित अंतिलबरोबर भारताचा झेंडा त्यांच्या हाती होता. इथे लोखंडी चौकटीवर बसतात, तिची उंची ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, आणि गंमत अशी की घोड्यावर जे कधी करायचे नाही ते इथे करावेच लागते: कंबर आणि मांड्या पट्ट्यांनी घट्ट बांधायच्या, नाहीतर फेकताना बूड उचलले जाते आणि फेक बाद होते. घोड्याने दिलेली पाठीची ताकद इथे थेट कामाला येते. चौकट कुठल्याही वेल्डरकडून करून घेता येते, आणि सराव सोसायटीच्या मोकळ्या कोपऱ्यातही होतो, फक्त गाड्या हलवा.

दुसरे पोहणे. आपल्या मुरलीकांत पेटकरांची आठवण मी प्रत्येक पालकाला देते. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे हे जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, उपचार म्हणून पाण्यात उतरले, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण आणले. पाण्यात वॉकर लागत नाही, नियमानुसार कृत्रिम अवयव किंवा तरंगणारे काही लावता येत नाही, आणि उडी मारता येत नसेल तर पाण्यातूनच सुरुवात करता येते. एकच सावधगिरी: थंड पाण्यात ताठरपणा वाढतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीतली सकाळची बॅच टाळा आणि दुपारची घ्या.

माझा कल पोहण्याकडे आहे, आणि त्याचे कारण वेळापत्रक हे आहे. घोडा आठवड्यातून एकदा, तोही पावसाळ्यात चिखल झाला की बंद. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर चांगले शिकवणारे लोक आहेत, पण ऐरोलीहून ठाणे, ठाण्याहून दादर, दादरहून महालक्ष्मी, प्रत्येक ठिकाणी व्हीलचेअरसह जिना, हे आठवड्यातून तीनदा कोणतीही आई करू शकत नाही. तरणतलाव ठाण्यात आहे, वाशीत आहे. स्पर्धेचे शरीर आठवड्याच्या एका दिवसावर घडत नाही. वाशीला दिव्यांग मुलांसाठी महापालिकेचे ईटीसी केंद्र आहे, तिथे एकदा जाऊन चौकशी करा. तिथे आपल्यासारखे पालक भेटतात, आणि कोणत्या तलावाच्या पायऱ्यांना कठडा आहे हे मला माहीत नसले तरी त्यांना माहीत असते. राज्यस्तरावर नाव नोंदवताना यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र), आधार आणि जन्मदाखला लागतो, आणि तीनही कागदांवर नावाचे स्पेलिंग एकच हवे. निम्मी मुले याच कारणाने पहिल्या वर्षी परत येतात.

रविवारच्या घोड्याला मात्र थोडे शिस्तीचे वळण द्या, म्हणजे ड्रेसाजचा दरवाजा उघडा राहील. गच्चीवर खडूने दोन बाय चार मीटरचा आयत काढा, लांबी-रुंदीत रिंगणाच्या दहाव्या हिश्शाचा. कडेने ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ अशी अक्षरे लिहा आणि मधोमध एक्स. आता तिने वॉकर घेऊन ए पासून एक्सपर्यंत सरळ जायचे, थांबायचे, मान लववायची, मग सी पर्यंत जाऊन डावीकडे वळायचे. क्रम पाठ झाला की आपण वाचायचे बंद करा. घोड्यावर बसल्यावर तिला फक्त घोड्याचा विचार करायला मिळेल, आणि वॉकरवरचे वळणे त्याच ओघात सुधारेल, ते मी फुकटात पदरात पाडून घेते.

शेवटचे, खोगीर. घेऊ नका. खोगीर आधी घोड्याच्या पाठीला बसावे लागते आणि मग स्वाराला. केंद्राचा घोडा बदलला की आपले खोगीर त्याच्या पाठीवर जखम करणार. मुलगी पुढच्या दोन वर्षांत उंच होईल, तेव्हा तिचेही माप बदलेल. केंद्राच्या खोगिरावर पुढच्या बाजूला धरायची कडी बसवून मागा आणि बैठकीवर मेंढीच्या लोकरीचे आवरण घाला, एवढे पुरे. उतरल्यावर दर वेळी मांडीच्या आतल्या बाजूची आणि माकडहाडाजवळची त्वचा पाहा. लाल डाग वीस मिनिटांत गेला नाही, तर पुढचा रविवार सोडा. आणि मला भेटायला येताना तो एक्स-रे सोबत आणा, मोबाइलवर काढलेला फोटो नको, मूळ फिल्म आणा.